नाशिकला समुद्र नाही, हे आम्हालाही माहितीये

प्रति,
मा. प्राचार्य, प्राणीशास्त्र विभागप्रमुख आणि अभ्यास मंडळावरचे सगळे सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

पत्र खुलं लिहितेय कारण बंद पाकिटातले दोन अर्ज देऊन झालेत. पहिल्यावर आवक-जावकचा शिक्का तरी मिळाला, दुसऱ्यावर क्लार्क काका म्हणाले ठेवून जा, बघतो. ते अजून बघतायत. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, मला कॉलेजची बदनामी करायची नाहीये, याच कॉलेजात मी पाच वर्षं काढलीत आणि अजून एक वर्ष काढायचंय. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

विषय असा की मागच्या आठवड्यात विभागाच्या बोर्डवर नोटीस लागली. एम.एस्सी.चं 'सागरी व किनारी परिसंस्था' हे इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) पुढच्या वर्षीपासून बंद. कारणं तीन दिलीत, विद्यार्थीसंख्या कमी, क्षेत्रभेटीत सुरक्षिततेचा प्रश्न, आणि 'भौगोलिकदृष्ट्या विषय अप्रस्तुत'. तिसऱ्या कारणाचा साध्या मराठीत अर्थ आम्हाला तोंडी सांगण्यात आला, "अगं, नाशिकला कुठे समुद्र आहे?" आणि सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. घरी जाताना मात्र डोकं तापलं.

कारण आमच्या घरात समुद्र रोज असतो, वाळवलेला. माझी आई सुकी मासळी विकते. बोंबील, सुकट, झिंगे, वाकट्या, सोडे, मांदेली. घोटी, हरसूल, पेठ, सिन्नर, जिथे जिथे आठवडे बाजार तिथे तिथे तिची पथारी. माल येतो सातपाटी आणि वसई बाजूने. म्हणजे माझी पहिलीपासूनची फी बोंबलांनी भरलीये असं म्हटलं तरी चालेल. वर्गात पोरं नाक धरायची त्याचं आता काही वाटत नाही. पण आई गेली सात-आठ वर्षं एकच वाक्य बोलतेय, की बोंबील बारीक यायला लागलाय, आणि वाकटी तर पट्टीएवढी. मी बी.एस्सी.ला झूलॉजी घेतलं तेव्हा ती म्हणाली, चला, आता तू सांगशील का ते. मला नाही सांगता आलं. एम.एस्सी.ला हे इलेक्टिव्ह दिसलं आणि मी दुसरं काही बघितलंच नाही.

आता तक्रारी. रागात लिहिल्यात पण खोट्या नाहीत.

सगळ्यात आधी त्या क्षेत्रभेटीबद्दल, कारण नोटिशीत लिहिलंय की 'मागील क्षेत्रभेटीस विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अल्प'. प्रतिसाद कशाला द्यायचा होता हे जरा सगळ्यांना कळू दे. आमची भेट होती दत्तजयंतीच्या दिवशी. बस सकाळी साडेसातला निघाली, जव्हारला नाश्ता, फोटो, मग पुढे, आणि डहाणूच्या किनाऱ्यावर पोचलो सव्वाबाराला. दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती असते, आणि साधी नाही, उधाणाची. म्हणजे जो कातळ बघायला, ज्यावरचे प्राणी मोजायला आम्ही साडेचार तास बसमधे हाडं मोडून घेतली तो कातळ पाण्याखाली. वर नुसत्या लाटा. सर म्हणाले, "हा अरबी समुद्र." हो सर, दिसतोय.

मग काय, हजेरी घेतली, बॅनर धरून फोटो काढला, भेळ खाल्ली, तीनला परत निघालो. जर्नलमधे मात्र 'क्वाड्रॅट पद्धतीने आंतरभरती क्षेत्रातील जीवांची गणना' (म्हणजे भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात चौकट टाकून त्यातले प्राणी मोजणं) असा प्रयोग आहे आणि त्यात आकडे पण आहेत. ते आकडे मागच्या बॅचच्या जर्नलमधून आलेत, त्यांचे त्यांच्या मागच्या बॅचमधून. मूळ कोणी मोजलं होतं देव जाणे. आणि या भेटीची फी आम्ही वेगळी भरलीये.

तिथे एक आजी कालवं काढायची कोयती घेऊन कट्ट्यावर बसल्या होत्या. आम्ही क्वाड्रॅटच्या चौकटी घेऊन उभे. त्या म्हणाल्या, "आता काय बघनार पोरींनो, पानी भरलंय. पहाटे सगळा कातळ उघडा होता." आम्ही विचारलं तुम्हाला कसं कळतं, तर त्यांनी सांगितलं, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असली तर चार पाऊण तीन, तीनला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमा म्हणजे पंधरावी, पंधरा पाऊण सव्वाअकरा. त्यात जागेप्रमाणे थोडं मागेपुढे. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. आम्ही एम.एस्सी.वाल्यांनी मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढला, तोवर त्यांचं अमावास्येपर्यंतचं सांगून झालं होतं.

सर, हे गणित आपल्या चार क्रेडिटच्या सिलॅबसमधे कुठेच नाही. चंद्र-सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाची आकृती आहे, दिवसात दोन भरत्या दोन ओहोट्या, रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा, हे सगळं आहे, पाच मार्कांना येतं. पण म्हणून बस किती वाजता काढायची हे त्यातून कोणी काढलं नाही. उधाण (मोठी भरती) कधी आणि भांग (लहान भरती) कधी हे माहीत नसलेल्या माणसाने किनाऱ्याची भेट ठरवली तर ती सहलच होणार ना, त्यात मुलांचा काय दोष, आणि तीच सहल पुढे करून आता विषय बंद करताय.

दोनच दिवसांनी म्हणजे कृष्ण द्वितीयेला मी आणि दोन मैत्रिणी आमच्या खर्चाने परत गेलो. हे मी अर्जात लिहिलं नव्हतं, आता लिहिते. आई ज्यांच्याकडून बोंबील घेते त्या मावशींच्या ओट्यावर झोपलो. द्वितीया का, तर दोन पाऊण दीड, दुपारी दीडला भरती म्हणजे सकाळी सात-सव्वासातला ओहोटी, उजेड पण मिळतो आणि उधाण अजून उतरलेलं नसतं. पहाटे सहाला मावशींचा मुलगा आम्हाला घेऊन गेला.

मी सांगू शकत नाही काय वाटलं ते. जिथे लाटा बघितल्या होत्या तिथे लांबच्या लांब काळा कातळ, जागोजागी डबकी, आणि त्या कातळावर पट्टे. खरोखरचे पट्टे, पुस्तकात असतात तसे. सगळ्यात वर जिथे फक्त उधाणाचं पाणी पोचतं तिथे मिरीएवढ्या गोगलगायी भेगांमधे दाटीवाटीने बसलेल्या, कोरड्या पडू नये म्हणून. त्याच्या खाली बार्नकलची (खडकाला चिकटून जगणारा कवचाचा प्राणी) पांढरी खरखरीत साल, पाय घसरला की सोलून निघतो (निघाला). मग कालवांचा पट्टा, मग खाली हिरवट मऊ गालिचा दिसतो तो झोअँथिडचा, प्रवाळांचा चुलत भाऊ, बोट लावलं की अंग आक्रसून घेतो. डबक्यांत शंख चालायला लागला की समजायचं आत खेकडा राहतोय भाड्याने. आम्ही पीव्हीसी पाईपची अर्धा मीटरची चौकट नेली होती, पाण्याच्या कडेपासून वर दोरी धरली आणि दर पाच मीटरला चौकट टाकून मोजलं. दोन तास मिळाले. पावणेनऊला पाणी मागून वळसा घालून यायला लागलं तसं त्या पोराने आम्हाला अक्षरशः हाकललं.

त्या दोन तासांत जे कळलं ते आख्ख्या सेमिस्टरमधे नाही. एकच सांगते. वरचा बार्नकल वरच का थांबतो आणि खालचा खालीच का, याच्यावर जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या खडकांवर केलेला प्रयोग आम्ही पाठ केलाय, १९६१ चा. वरची हद्द ठरवतं ऊन आणि कोरडं पडणं, खालची हद्द ठरवते शेजाऱ्याशी मारामारी. रॉबर्ट पेन यांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावरून तारामासे काढून फेकले आणि बघितलं की शिंपल्यांनी बाकी सगळ्यांना हुसकावून लावलं, १९६६, तोही पाठ. दोन्ही प्रयोग भारी आहेत, वादच नाही. पण स्कॉटलंडचा बार्नकल तोंडपाठ आणि डहाणूचा बार्नकल कधी पाहिलेला नाही, ही कसली एम.एस्सी.? स्कॉटलंडमधे मे महिन्याचं आपल्यासारखं ऊन नसतं आणि चार महिने मुसळधार पावसाने डबक्यांतलं मीठ उतरत पण नाही. आपल्या कातळावर तोच नियम चालतो का, पावसाळ्यात पट्टे सरकतात का, हे प्रश्न आम्हाला तिथे उभं राहून सुचले. वर्गात एकदाही सुचले नव्हते.

दुसरी तक्रार प्रयोगशाळेची, ही लवकर उरकते. बरण्या. फॉर्मलिनमधला समुद्रघोडा, तारामासा, सी अर्चिन, सगळे एकाच पिवळट रंगाचे. लेबलवर शास्त्रीय नाव आहे, पण कुठून आणला, कधी आणला, काही नाही. ज्या नमुन्यावर जागा आणि तारीख नाही तो नमुना शोभेचा, हे आम्हाला तुम्हीच टॅक्सॉनॉमीच्या पहिल्या लेक्चरला शिकवलंत. समुद्रघोड्याला तर २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तो नवीन आणायला मी सांगत नाहीये. पण क्षारता मोजायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर काही हजारांत येतो, तो विभागात एकच आहे आणि त्याची काच फुटलीये. पाच वर्षांपासून फुटलीये असं ऐकलं.

तिसरी, पर्याय म्हणून जे सांगितलं ते. एक पर्याय, ऑनलाईन कोर्स करा, क्रेडिट मिळतील. ऑनलाईन कोर्सला माझा विरोध नाही, त्यात शिकवणारे चांगले असतात, मी स्वतः दोन केलेत. पण व्हिडिओत पाय चिखलात जात नाही. खाडीकाठच्या खाजणात एकदा गुडघ्यापर्यंत रुतल्याशिवाय तिवराची (खारफुटीची) मुळं जमिनीतून वर टोकं काढून श्वास का घेतात हे कळत नाही, त्या चिखलाला सडक्या अंड्याचा वास येतो तोच मुळी आत ऑक्सिजन नसल्याची खूण. निवटी पाण्यातून बाहेर येऊन चिखलावर उड्या मारते हे स्क्रीनवर बघितलं तर गंमत वाटते, समोर बघितलं तर प्रश्न पडतो, हा मासा इथे श्वास कसा घेतोय.

दुसरा पर्याय, "इतकीच आवड आहे तर गोव्याला जा, कोचीला जा." गोवा विद्यापीठ, कोची, कारवार, तमिळनाडूत परंगिपेट्टई, सगळी नावं मला माहितीयेत, रात्री रात्री बसून त्यांच्या फिया बघितल्यात. तिथे ज्यांना जाता येतं त्यांनी जरूर जावं. मुंबईला वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य संस्था आहे पण तिथल्या एम.एफ.एस्सी.ला आमच्यासारख्या साध्या बी.एस्सी.वाल्यांचा रस्ता सरळ नाही, त्याला मत्स्यशास्त्राची पदवी लागते. आणि मुळात हॉस्टेल, मेस, प्रवास धरून आईच्या किती बाजारांचे पैसे होतील याचा हिशोब मी केलाय, तो इथे मांडत नाही. नाशिकमधे राहून शिकता येतंय म्हणून माझ्यासारख्या मुली एम.एस्सी.पर्यंत येतात. विषय बंद झाला तर त्या गोव्याला जात नाहीत, त्या बी.एड. करतात. बी.एड. वाईट नाही, पण ते त्यांनी निवडलेलं नसतं.

आता त्या 'अप्रस्तुत' शब्दाकडे येते.

ब्रह्मगिरीवर तुम्ही सगळे कधी ना कधी गेला असाल. तिथून गोदावरी निघते आणि १,४६५ किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरातून वैतरणा निघते आणि पश्चिमेला उतरून वसई-पालघरच्या मधे अरबी समुद्राला मिळते. म्हणजे त्र्यंबकच्या डोंगरावर पडलेला पाऊस, एक थेंब या समुद्रात, शेजारचा त्या समुद्रात. दिंडोरीकडून दमणगंगा निघते ती दमणला. दोन्ही समुद्रांना पाणी देणारा जिल्हा, आणि त्याला आपण म्हणतोय तुझा समुद्राशी संबंध नाही!

गोदावरीच्या मुखाशी काकीनाड्याजवळ कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे, देशातल्या मोठ्या खारफुटी जंगलांपैकी एक, तिथे मासे पकडणारी रानमांजरं राहतात. ते जंगल ज्या गाळावर उभंय तो गाळ नदीने आणलाय. वर आपलं गंगापूर, मग जायकवाडी, मग श्रीरामसागर, मग धवळेश्वरमचा बंधारा, प्रत्येक ठिकाणी गाळ अडतो, आणि मुखाशी गाळ कमी पोचला की लाटा जमीन खातात. काकीनाड्याजवळच्या उप्पाड्याला रस्ता आणि घरं समुद्रात गेल्याचे फोटो कोणीही बघू शकतं. सगळा दोष धरणांचा असं मी म्हणत नाही, बंदरं आहेत, वादळं आहेत, भरपूर कारणं आहेत. पण त्या साखळीचं वरचं टोक आपल्या हातात आहे आणि आपल्याकडे ते अभ्यासायला कोणी नाही. तेच वैतरणेचं. अप्पर वैतरणा धरण आपल्या जिल्ह्यात, पाणी जातं मुंबईच्या नळाला. मग खाली खाडीत गोडं पाणी किती उतरतं, त्याने खाडीतल्या कोळंबीच्या पिल्लांचं काय होतं? नाशिकच्या पोरांनी विचारायचा प्रश्न आहे हा, गोव्याच्या पोरांनी नाही.

आणि ३ जून २०२० आठवतोय का? निसर्ग चक्रीवादळ. अलिबागजवळ जमिनीवर आलं आणि त्याच रात्री वारा-पाऊस घेऊन आपल्याकडे. आमच्या गल्लीतला गुलमोहर पडला तो अजून दिसतो डोळ्यासमोर, आणि कांदा चाळीत भिजला त्यांना विचारा समुद्र किती लांब आहे. जून उजाडला की आख्खा जिल्हा अरबी समुद्रावरून ढग कधी येतात याची वाट बघतो. द्राक्षवाले तर ढग नको तेव्हा येतील म्हणून ऑक्टोबरपासून झोपत नाहीत.

नांदूर मधमेश्वरला तर आपण दरवर्षी जातोच की. गोदावरी आणि कादवेचा संगम, राज्यातली पहिली रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या यादीतली) पाणथळ जागा. तिथे रोहित (फ्लेमिंगो) येतात, ठाण्याच्या खाडीतही येतात, ती खाडीही २०२२ पासून रामसर यादीत आहे. एकीकडे गोडं पाणी एकीकडे खारं, पक्षी एकच. दोन्हीकडचा चिखल आणि त्यातले किडे मोजून तुलना करायची म्हटलं तर एका सेमिस्टरचं प्रोजेक्ट तयार आहे. कोणी दिलं आजवर?

नोकऱ्यांचं विचारतात. राज्याच्या वनखात्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. २००५ मधे हायकोर्टाने तिवर तोडायला बंदी घातली तेव्हापासून कुठला तुकडा तिवराचा आणि कुठला नाही हे ठरवायला माणसं लागतात. २०१९ ची सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) अधिसूचना आली, त्यात दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० वर आला, म्हणजे भरतीरेषा नेमकी कुठे हे आता एकेका मीटरला महत्त्वाचं. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मधे झाली, ७६ हजार कोटींच्या वरचा प्रकल्प, तोही डहाणू तालुक्यात, जो १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे. बंदर हवं की नको याचा वाद मी इथे घालत नाही. पण तिथल्या कातळावर आज काय जगतंय याची यादी करायला, उद्या काय उरलं हे मोजायला, आणि जाडजूड पर्यावरण अहवाल वाचून त्यातली चूक दाखवायला कोणीतरी लागेल ना. आमच्यापासून तो किनारा मुंबईएवढाच लांब आहे.

२०२३ मधे पापलेट राज्यमासा झाला, त्याच वर्षी पन्नासच्या वर जातींचे मासे किती लांबीच्या आत पकडायचे नाहीत हेही सरकारने ठरवून दिलं. हे ऐकून आई म्हणाली, "मग बाजारात मोजतं कोण?" मी पट्टी घेऊन तिच्या पथारीवर बसले आणि महिनाभर सुक्या बोंबलांची लांबी लिहिली. सुकल्यावर मासा आकसतो त्यामुळे थेट तुलना चालत नाही हे मला नंतर कळलं, आधी कोणी सांगितलं असतं तर वही वाया गेली नसती. हे सांगायलाच मार्गदर्शक लागतो हो.

तुमच्या बाजूचं जे खरं आहे तेही लिहिते. संख्या कमी आहे, आम्ही अकराच होतो, नियमाप्रमाणे पंधरा लागतात. आणि सुरक्षिततेचा मुद्दा खोटा नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली, तेव्हापासून समुद्राचं नाव काढलं की पालक आणि संस्थाचालक दोघेही घाबरतात, घाबरणारच, माझी आई पण घाबरली होती. पण पाण्याची वेळ माहीत नसणं हाच मोठा धोका आहे. आमची दत्तजयंतीची भेट उधाणाच्या ऐन भरतीला होती, ती सुरक्षित, आणि ओहोटीला माहितगार माणसाबरोबर कातळावर चालणं धोक्याचं, असं कसं? आम्हाला पाण्यात उतरायचंच नाहीये, आम्हाला पाणी गेल्यावर जायचंय.

तर मागण्या अशा.

१. इलेक्टिव्ह बंद करायचा निर्णय निदान दोन वर्षं थांबवा. संख्येसाठी शहरातल्या इतर कॉलेजांशी बोलून एकत्र बॅच करता येईल, वनस्पतीशास्त्र आणि भूगोलवाल्यांनाही घ्या, त्यांनाही किनारा लागतोच.

२. क्षेत्रभेट मुक्कामाची करा, दोन रात्री, आणि तारीख ठरवताना आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा मग बसवाल्याला फोन करा. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया, ऑक्टोबर ते मार्च. एक दिवस कातळ, एक दिवस खाजण. सोबत एक मॅडम हव्यात, प्रथमोपचार पेटी, आणि स्थानिक जाणकार माणूस मानधन देऊन. मानधन म्हणजे मानधन, शाल-श्रीफळ नाही.

३. भेटीची जी फी घेतली तिचा हिशोब बोर्डवर लावा.

४. दोन रिफ्रॅक्टोमीटर, चौकटी, दोऱ्या, गमबूट. चौकटी आम्ही स्वतः करून देऊ, पाईप कापायला अर्धा तास लागतो.

५. नवीन अभ्यासक्रमात सेमिस्टर दोनला चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट आहेच. ते डेअरीत आणि पॅथॉलॉजी लॅबमधे करतो तसं किनाऱ्यावर, ऐरोलीच्या किनारी-सागरी जैवविविधता केंद्रात, रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाकडे करता येईल का, यासाठी कॉलेजच्या लेटरहेडवर एक पत्र. आम्ही गेलो तर गेटवरून परत पाठवतात.

६. जर्नलमधला तो खोट्या आकड्यांचा प्रयोग रद्द करा. आमचे खरे आकडे आहेत, तीन पानं, त्यात दोन प्राण्यांची नावं आम्हाला ओळखता आली नाहीत तिथे प्रश्नचिन्ह आहे. ती पानं पुढच्या बॅचला द्या, जागा आणि तारीख लिहिलीये.

सहावी मागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते पण ती शेवटी लिहिली कारण आधी लिहिली असती तर तुम्ही चिडून पुढे वाचलं नसतं. चिडू नका. तुमच्यातल्याच एका सरांनी मला भांगाच्या भरतीवरचा शोधनिबंध झेरॉक्स काढून दिलाय, स्वतःच्या पैशाने, ते मला माहितीये. ते मीटिंगमधे एकटे पडतात हेही माहितीये.

अभ्यास मंडळाची बैठक या महिनाअखेरीस आहे असं कळलं. अकरापैकी नऊ जणांच्या सह्यांचा अर्ज सोमवारी सकाळी साडेदहाला मी ऑफिसात देईन, यावेळी पोच घेतल्याशिवाय हलणार नाही. बैठकीत दहा मिनिटं बोलायला दिलीत तर ती तीन पानं आणि कातळाचे फोटो घेऊन येते.

आपली विद्यार्थिनी,
एम.एस्सी. भाग १, प्राणीशास्त्र
नाशिक

ता.क. – आईने हे पत्र वाचायला लावलं आणि म्हणाली, बस पहाटे दोनला निघणार असेल तरी हरकत नाही, अकरा पोरांच्या भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी ती बांधून देईल. सर-मॅडमांपैकी कोण खातं कोण नाही तेवढं आधी कळवा.